एकोणपन्नास किलोमीटर

मुहूर्ताला पाऊण तास उरला होता आणि बिरवाडी फाट्याच्या थोडं अलीकडे भाऊसाहेबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. मागे नवरदेव, त्याची आत्या आणि दोन करवल्या, पुढे मी. कुणाला काही कळायच्या आत भाऊसाहेब खाली उतरले, डिकीतून खाकी डगला काढून लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांवर चढवला, रस्त्याकडेला गोणपाट अंथरलं आणि बॉनेट उघडलं. आत्या घाबरली. तिला वाटलं गाडी बिघडली. मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही, फक्त पाचशे किलोमीटर भरलेत.

नवरदेव आमच्याच कचेरीतल्या शिपायाचा मुलगा. मुंडावळ्या सावरत त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, लगीन लागल्यावर बघा ना. मानसं खोळंबली असतील तिकडं." भाऊसाहेबांनी इंजिनातली तेलाची पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा बाहेर काढून उजेडात धरली आणि मग शांतपणे म्हणाले, "लग्न दहा मिनिटं थांबेल. आकडा थांबत नाही." मग पाणी, मग ब्रेकच्या तेलाची डबी, मग पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून, मग चारही चाकांची हवा. सगळं ठीक होतं. सगळं नेहमीच ठीक असे. रॉकेलच्या बोळ्याने हात पुसून त्यांनी डगला घडी करून ठेवला आणि आम्ही निघालो. लग्न बारा मिनिटं उशिरा लागलं.

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल याची गणती नाही. माणसं पोट धरून हसतात. त्यांच्याविषयी मी सांगतो त्या सगळ्याच गोष्टी हसण्याच्या आहेत. एक तेवढी मी सांगत नाही, कारण तिच्यात मीही आहे.

कचेरीतल्या कारकुनाला आमच्याकडे सरसकट भाऊसाहेब म्हणतात. पण आमच्या कचेरीत चार कारकून असूनही नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की ते एकच. उंच, वाळकेसे, डोक्याला भरपूर तेल, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. फायलीवर टाचणी टोचतानाही कागदाच्या कडेपासून बोटाने अंतर मोजत. मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर. तेव्हा बिरवाडीला कारखान्यांच्या शेडी नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि महाडात स्वतःची गाडी असलेली माणसं बोटांवर मोजता येत. डॉक्टर, दोन-तीन व्यापारी, एक वकील. त्यांच्या रांगेत आमच्या कचेरीतला एक कारकून येऊन बसला, ही गोष्ट पुष्कळांना पचली नव्हती.

गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून झिजून आलेली. वरून करडा रंग मारला होता, पण दारं उघडली की खाचांमधून जुना काळा-पिवळा दिसायचा. विकणाऱ्याने मीटरवरचा आकडा दाखवून गाडी फार चाललेली नाही असं सांगितलं, तेव्हा भाऊसाहेब नुसते हसले होते. मला म्हणाले, "मागचं काही मला ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. माझ्या हातात आल्यापासूनचा एकेक किलोमीटर मात्र मला ठाऊक असला पाहिजे." डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने ते आकडे लिहीत. कुठे गेलो, किती झाले, पुढच्या तपासणीला किती उरले. दर पाचशेला वरची तपासणी, दर पंधराशेला मोठी. मोठीला चारही चाकं उतरायची, ब्रेक उघडायचे, आतले ब्रेकचं तेल अडवणारे रबरी वायसर बोटाने चाचपून बघायचे. हे सगळं ते स्वतः करत, घरामागच्या आवारात, रविवारचा पूर्ण दिवस घालवून. गॅरेजवाल्याचा त्यांना भरवसा नव्हता. गॅरेजवाला म्हणे फार बोलतो.

त्यात त्यांचा आणखी एक नियम होता. घाटातला एक किलोमीटर म्हणजे सपाटीचे दोन. वरंधला जाऊन आले की मीटरवर काहीही असो, घाटाचा भाग दुप्पट करून खडूने मांडायचे. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात हे नाही, असं मी एकदा दाखवून दिलं. ते म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याने आपले घाट बघितले नसतील." आणि वेळेआधीची तपासणीही त्यांना चालत नसे. आज सुट्टी आहे, बघून टाका, असं कुणी सुचवलं तर मान हलवत. सारखे उघडलेले नट सैल होतात, ठरलेला आकडा येईपर्यंत हात लावायचा नाही.

वहिनींना या सगळ्याचा ताप व्हायचा आणि गंमतही वाटायची. त्या पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या, तिथली बोली त्यांनी महाडात पंधरा वर्षं राहून सोडली नव्हती. मी गेलो की चहाचा कप हातात देत म्हणायच्या, "भावजी, जरा इचारा ह्यांना, लगीन माझ्याशी लागलंय का त्या गाडीशी. माला ताप आला तं हात लावून बघत नाय, तिची हवा रोज बघतात." भाऊसाहेब गाडीखालून म्हणायचे, "तुला मीटर नाही." आणि त्या तोंडाला पदर लावून हसत. मूलबाळ नव्हतं. दोघंच. एवढ्या सुखाने राहणारी दोन माणसं मी कमी बघितली आहेत.

गाडी का घेतली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चाक बसवता बसवता. त्यांची बौद्धवाडी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटरस्त्याच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर. त्यांची आई आजारी पडली तेव्हा तिला घोंगडीच्या डोलीत घालून चौघांनी रस्त्यावर आणलं. बऱ्याच वेळाने एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने विचारलं, कुठल्या वाडीची माणसं. यांनी खरं ते सांगितलं. टेम्पो निघून गेला. आई रस्त्याच्या कडेलाच गेली. एवढं सांगून ते म्हणाले, "आता वाडीचा निरोप आला की गाडी तिथे उभी राहिली पाहिजे. आणि उभी राहिलेली गाडी सुटली पाहिजे. एवढंच काम आहे तिला." आणि नट आवळायला लागले.

त्या एवढ्या कामासाठी त्यांनी सात-आठ वर्षांत निदान तीस माणसं महाडच्या दवाखान्यात पोचवली. बाळंतिणी, तापाची पोरं, झाडावरून पडलेला एक म्हातारा. गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. आम्ही त्यांच्या आकड्यांना हसत होतो आणि वाडीतली माणसं त्या आकड्यांवर जगत होती.

ते गाडी कुणाला देत नसत. मला देत. कचेरीत मी एकटाच त्यांच्याजवळ उकिडवा बसून पाने-पकडी हातात देणारा, आणि मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या चुलतभावाकडून मी गाडी शिकलो होतो. तरी त्यांनी माझ्याकडून पाचशेची सगळी तपासणी तोंडपाठ म्हणून घेतली आणि मगच किल्ली हातावर ठेवली. त्या दिवशी मला नोकरी लागल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आता ती गोष्ट.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे मुंबईचे मेहुणे बायकोसह आमच्याकडे आले होते. मेहुणे बँकेत. माझ्या बायकोचं महाडच्या कारकुनाशी लग्न झालं याचं त्यांना वाईट वाटतं, ही समजूत मी फार वर्षं उराशी धरून होतो. भाऊसाहेबांकडे गेलो आणि पाहुण्यांना पाचाडपर्यंत फिरवून आणतो म्हटलं. त्यांनी डिकीचं झाकण उघडून बघितलं. मोठ्या तपासणीला एकशे चाळीस उरले होते. म्हणाले, "पाचाड जाऊन-येऊन एकोणपन्नास. खुशाल न्या."

मेहुण्यांनी गाडी बघून विचारलं, कुणाची. मी म्हटलं, आपलीच समजा. मग मेहुण्यांच्या पत्नी म्हणाल्या, पाचाडला काय आहे, महाबळेश्वर इथून जवळच ना. आणि मी गाडी उलट्या दिशेला, पोलादपूरकडे वळवली.

पोलादपूर सोडल्यावर मी गाडी थांबवली, पाहुण्यांना चहा पाजला, आणि तेवढ्यात डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची केबल काढली. चुलतभावाने शिकवलेली ही विद्या. केबल काढली की गाडी चालते आणि आकडा जागचा हलत नाही. घाट चढून आम्ही वर गेलो, हिंडलो, मक्याची कणसं खाल्ली. उतरताना मी इंजिन बंद करून गाडी नुसती उतारावर सोडली. पेट्रोल वाचतं म्हणून टॅक्सीवाले असं करायचे, आणि मला ऐट मारायची होती. सगळा घाट मी ब्रेकवर पाय ठेवून उतरलो. खाली येता येता जळका वास यायला लागला. मेहुणे म्हणाले, काहीतरी करपतंय. मी म्हटलं, कुणीतरी रानात पाला पेटवला असेल.

पोलादपूरला केबल पुन्हा जोडली. महाडला पोचलो तेव्हा आकडा छत्तीसने पुढे गेला होता. एकोणपन्नास व्हायला तेरा कमी. पाहुण्यांना घरी उतरवून मी एकटाच बिरवाडीच्या रस्त्याला गेलो आणि मीटरकडे बघत बघत ते तेरा पुरे करून आलो. जेवढं पेट्रोल जास्त जळलं तेवढं भरलं. फडक्याने चाकांवरची घाटातली लाल धूळसुद्धा पुसली. इतक्या काळजीने मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

भाऊसाहेबांनी मीटर वाचला, खडू घेतला आणि लिहिलं. पाचाड, एकोणपन्नास. उरले एक्याण्णव.

घाटातले ऐंशी किलोमीटर. त्यांच्या हिशेबाने एकशे साठ. मी खरं बोललो असतो तर ते दोन शब्दही न बोलता लगेच डगला चढवून चाकं उतरवायला बसले असते.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला एस. टी.चा कंडक्टर कचेरीत निरोप घेऊन आला. वहिनी भाताच्या कापणीला वाडीवर गेल्या होत्या. पेंढा उचलताना घोणस चावली. माणसं त्यांना रस्त्यावर घेऊन येतायत. भाऊसाहेब उठले, पेन बंद करून खिशाला लावलं आणि बाहेर पडले. मी मागे धावलो. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी डिकी उघडली. त्या घाईतही उघडली. झाकणाकडे बघून म्हणाले, "एक्याण्णव आहेत. घाट दुप्पट धरला तरी जाऊन-येऊन होतंय." मी बरोबर येतो म्हटलं. ते म्हणाले, नको, मागे तिला आडवं ठेवायचंय, दोन माणसं धरायला लागतील, जागा पुरणार नाही.

माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य सांगायचं होतं. पण आता सांगून उशीरच होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि गाडी गेली.

पुढचं मला वाडीतल्या माणसांनी सांगितलं. वहिनी शुद्धीवर होत्या, गाडीत ठेवल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "आज तरी मधी थांबू नका हां." उतारावर तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल पार खाली गेलं. भाऊसाहेबांनी दरीकडे न जाऊ देता गाडी डोंगराच्या अंगाच्या चरीत घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढचं चाक मात्र आडवं झालं, गाडी हलेना. मग सगळी रस्त्यावर उभी राहिली. दोन मोटारी गेल्या, एक ट्रक गेला. पाऊण तासाने एक ट्रक थांबला. त्याने काही विचारलं नाही, उचलून घेतलं. पोलादपूर यायच्या आधी वहिनी गेल्या.

दिवस झाल्यावर भाऊसाहेबांनी गाडी बैलांनी ओढून आणवली आणि घरामागे स्वतः उघडली. मी जवळ बसलो होतो, पाने देत. मागच्या चाकातला रबरी वायसर त्यांनी तळहातावर घेतला. कडक होऊन चिरला होता, तेल तिथूनच गेलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पाचाडला गेलात तेव्हा ब्रेक कसे लागत होते?"

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मला नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हटलं, "चांगले लागत होते."

त्यांनी मान डोलावली. "म्हणजे मागच्या मोठ्या तपासणीलाच तो गेलेला असणार. मी बोट लावलं होतं. मला बरा वाटला. माझ्याच बोटाला कळलं नाही." त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही आणि उजव्या हाताची बोटं अंगठ्याशी चोळायची सवय त्यांना लागली. कचेरीत बसल्या बसल्या चोळत. फाईल पुढे असे, नजर बोटांवर. वाडीतून निरोप येणंही बंद झालं. पुढच्या पावसाळ्यात तिथली एक बाळंतीण डोलीतच गेली, हे आम्हांला आठ दिवसांनी कळलं. गाडी पुढे भंगारात गेली. कचेरीत कुणी मीटरवरून थट्टा केली तर ते हसायचे, आणि ते हसू मला बघवत नसे. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते वाडीवर राहायला गेले. मी निरोपाचं भाषण केलं. नवरदेवाची गोष्ट सांगितली. सगळे हसले.

त्यानंतर पाच वर्षं मी गप्प राहिलो. भीती कसली होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. पोलीस येणार नव्हते, नोकरी जाणार नव्हती. एका माणसाच्या नजरेतून उतरू नये म्हणून मी त्या माणसाला सडू दिलं, एवढंच. शेवटी एका सकाळी एस. टी.ने पोलादपूरला गेलो, तिथून दुसरी धरून घाटात उतरलो आणि चढ चढून वाडीवर गेलो.

ते ओट्यावर बसले होते. फार खंगले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला परत फिरावंसं वाटलं. घरात त्यांची पुतणी होती, तिला त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, चहा नको, आधी माझं ऐका. आणि सगळं सांगितलं. महाबळेश्वर, केबल, बंद इंजिन, जळका वास. काही लपवलं नाही. मान खाली घालून सांगत होतो, आणि सांगून झाल्यावर ते मारतील तर बरं, असं वाटत होतं.

ते बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "पाचाडचे एकोणपन्नास होते."

मी म्हटलं, "ते मी बिरवाडीला जाऊन पुरे केले, भाऊसाहेब. मुद्दाम."

"नाही हो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलाची समजूत काढावी तसा आवाज होता. "मी स्वतः मोजलेत. एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास. पेट्रोलही तेवढंच जळलं होतं, चाकांना घाटाची धूळ नव्हती. मी बघितलं होतं ना." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही एवढे चढून आलात. तुम्ही भले आहात. पण आकडा खोटं बोलणार नाही. चूक माझ्या बोटाची होती."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. मेहुण्यांना पत्र लिहून विचारा म्हटलं. ते नुसती मान हलवत होते आणि माझ्याकडे मायेने बघत होते. पुतणीने चहा आणला. "काका, घ्या गरम हाय तवर," ती मला म्हणाली. भाऊसाहेबांनी माझा कप बशीत ओतून निववून दिला.

एस. टी.ची वेळ झाली तेव्हा ते मला सोडायला निघाले. मी नको नको म्हणत होतो. उताराला बारीक खडी होती. "जपून या, इथे पाय सरकतो," म्हणत त्यांनी त्याच उजव्या हाताने माझा हात धरला, आणि खाली रस्ता येईपर्यंत सोडला नाही.